'द मन्स्टर्स': पूर्ण संच घेताना आणि बघताना

सत्तर भाग, दोन हंगाम, प्रत्येक भाग जेमतेम पंचवीस मिनिटांचा आणि सगळं कृष्णधवल. 'द मन्स्टर्स' ही अमेरिकी विनोदी मालिका सीबीएस वाहिनीवर २४ सप्टेंबर १९६४ ते १२ मे १९६६ अशी चालली. इतक्या वर्षांनंतरही ती डीव्हीडी संचात विकत घेऊन बघण्यासारखी आहे, हे आमचं ठाम मत. फक्त संच नीट बघून घ्यावा लागतो आणि टीव्हीची सेटिंग थोडी बदलावी लागते.

आधी मालिकेबद्दल. १३१३, मॉकिंगबर्ड लेन या पत्त्यावर एक कुटुंब राहतं. घरचा कर्ता हर्मन म्हणजे तुकडे जोडून बनवलेला फ्रँकेनस्टाइनचा राक्षस, आणि तो एका अंत्यसंस्कार कंपनीत नोकरीला आहे. बायको लिली रक्तपिपासू घराण्यातली. तिचे वडील, ज्यांना सगळे ग्रँडपा म्हणतात, साक्षात काउंट ड्रॅक्युला. धाकटा एडी माणूस-लांडगा. आणि लिलीची भाची मॅरिलिन ही सोनेरी केसांची, चारचौघींत उठून दिसेल अशी देखणी मुलगी. घरातल्या सगळ्यांना तिची मनापासून कीव येते. रूप हे असं, पोरीचं कसं होणार! तिला भेटायला आलेला तरुण हर्मनला दारात बघून धूम ठोकतो, आणि हर्मन-लिली मात्र समजतात की हिच्या चेहऱ्यामुळेच आणखी एक स्थळ गेलं.

मालिकेचं सगळं बळ इथे आहे. आपण वेगळे आहोत हे या कुटुंबाच्या गावीही नाही. निर्माते जो कॉनेली आणि बॉब मोशर यांनी आधी 'लीव्ह इट टू बीव्हर' ही मध्यमवर्गीय अमेरिकी घरातली मालिका केली होती, आणि इथेही त्यांनी पटकथा तशाच ठेवल्या: मुलाला शाळेत चिडवतात, नवऱ्याचं वजन वाढलंय, वाढदिवसाला काय द्यायचं. पहिल्या हंगामाच्या शीर्षकदृश्यात लिली दारात उभी राहून एकेकाला डबा देते आणि निरोप देते. हे त्या काळच्या आदर्श गृहिणीच्या मालिकांमधलं ठरलेलं दृश्य, फक्त इथे डबा घेणारा हात शिवलेला आहे. लिलीचा व्हॅक्यूम क्लीनर धूळ ओढत नाही, उलट घरभर उडवतो, आणि धुळीचा थर नीट बसला की तिला समाधान वाटतं. यात कोणी प्रेक्षकाकडे बघून डोळा मारत नाही. सगळे नट हे घर खरं मानून काम करतात.

सर्वात वरचढ अर्थातच हर्मन झालेला फ्रेड ग्विन. मुळात सहा फूट पाच इंच उंची, त्यावर जाड तळाचे बूट, अंगात फोमची भरणी आणि रोजची दोनेक तासांची रंगभूषा. एवढ्या ओझ्याखालून तो पाच वर्षांच्या पोरासारखा रुसतो. मनासारखं झालं नाही की तो पाय आपटतो आणि अख्खं घर हादरतं. अशा वेळी त्याचा खालचा ओठ बघा. आधी तो जरासा पुढे येतो, मग डोळे खाली जातात, आणि पाय उचलला जातो तो त्यानंतर. जाड रबर आणि रंगामागून एवढं बारीक काम पोहोचवणं सोपं नव्हे. ग्रँडपा झालेला अल लुईस आणि ग्विन यांनी 'कार ५४, व्हेअर आर यू?' या मालिकेत आधी एकत्र काम केलं होतं. त्यामुळे सासरा-जावयाच्या तळघरातल्या भांडणांना छान लय आहे. गंमत म्हणजे लिली झालेल्या इव्हॉन डी कार्लोचा जन्म १९२२चा, आणि तिचे वडील झालेल्या लुईसचा १९२३चा.

हर्मनचं सपाट डोकं आणि मानेतले खिळे १९३१च्या 'फ्रँकेनस्टाइन' चित्रपटातल्यासारखेच दिसतात, कारण ते रूप युनिव्हर्सल स्टुडिओच्या मालकीचं होतं आणि ही मालिकाही युनिव्हर्सलचीच. कृष्णधवल फिल्मवर चेहरा उठून दिसावा म्हणून ग्विनच्या तोंडाला प्रत्यक्षात भडक जांभळा रंग लावत. म्हणजे मेकअप, प्रकाश, जाळ्या, जिन्याखालून धूर सोडणारा स्पॉट हा पाळीव राक्षसी प्राणी, सगळं करड्या छटांच्या हिशेबानं बेतलेलं आहे. रंगीत झालं की हा डोलारा कोसळतो. याच कुटुंबावरच्या १९६६च्या रंगीत चित्रपटात हर्मनचा हिरवा चेहरा नुसता रंगवलेला वाटतो. 'फॅमिली पोर्ट्रेट' हा भाग २००८ साली संगणकावर रंगवून डीव्हीडीवर आला. तो हाती लागला तर मूळ भाग आधी बघा आणि रंगीत नंतर. दहा मिनिटांत फरक कळेल: सावल्या गेल्या की घर राहत नाही, उरतो तो सेट.

आता खरेदी. पहिला हंगाम २००४ साली अमेरिकेत तीन दुहेरी बाजूंच्या डिस्कवर निघाला. अशा डिस्कच्या दोन्ही बाजूंना माहिती असते आणि प्रत्येक बाजूला दोन थर असतात. लेबल लावायला जागा नाही, त्यामुळे हाताळताना बोटांचे ठसे हमखास वाचनाच्या भागावर पडतात. थरांची चिकटवण बिघडली की चित्र गोठतं, आणि ते पुसून सुधारत नाही. वेष्टनावर एका डिस्कसमोर दहा-बारा भाग लिहिलेले दिसले की ती दुहेरी समजावी. शक्य असेल तर एकेरी बाजूची आवृत्ती घ्या. जुना संच घेत असाल तर नुसता पहिला भाग लावून बघणं पुरेसं नाही. प्रत्येक बाजूच्या मधले भाग लावा, कारण एका थरावरून दुसऱ्यावर जाताना प्लेअर अडखळतो तो तिथेच. मग शेवटचा भागही चालवून बघा.

डीव्हीडी कोणत्या देशांत चालेल हे तिच्या रीजनवर, म्हणजे विभागावर ठरतं. अमेरिकी संच रीजन १चा असतो आणि भारत रीजन ५मध्ये येतो. प्लेअर सगळे रीजन वाचणारा नसेल तर डिस्क चालणार नाही. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हला रीजन बदलता येतो, पण फक्त पाच वेळा. त्यानंतर शेवटचा रीजन कायमचा बसतो. एका मालिकेसाठी ती संधी खर्च करण्यापेक्षा सर्व रीजन चालवणारा साधा प्लेअर परवडतो. अमेरिकेतल्या मराठी घरांना ही अडचण नाही, पण तिथून कोणाकडून संच मागवणार असाल तर हे आधी तपासा.

टीव्हीवर चित्राचा आकार ४:३ ठेवा. बाजूच्या काळ्या पट्ट्या खुपल्या म्हणून झूम केलंत तर पहिलं कापलं जातं ते हर्मनचं सपाट टाळकं. हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करा, नाहीतर नेपथ्याचं प्लायवूड प्लायवूडसारखं दिसू लागतं. रंगाची पातळी शून्यावर आणली की काही डिस्कवर येणारी हिरवट-निळसर झाकही जाते.

दोष आहेत, आणि सलग बघितलं की ते टोचतात. ध्वनिमुद्रित हशा फार सढळ आहे. हर्मनला बघून माणूस किंचाळत पळतो आणि फिल्म वेगानं फिरवतात, हा विनोद जवळपास प्रत्येक भागात येतो. म्हणून एका बैठकीत दोनच भाग, तीन नकोत. लिलीला दुसऱ्या हंगामात करायला फारसं उरत नाही. मॅरिलिनचं पात्र तर पातळच. पहिल्या तेरा भागांत बेव्हर्ली ओवेन आणि पुढे पॅट प्रीस्ट, असा नट बदलूनही कथेत काही फरक पडला नाही, यातच सगळं आलं. 'बिग हीप हर्मन' या भागात अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची जी थट्टा आहे ती तेव्हाही हलकी होती. तो भाग वगळा.

सुरुवात 'मन्स्टर मास्करेड'ने करा. हा पहिलाच भाग वेशभूषेच्या मेजवानीचा आहे. यजमान फ्रँकेनस्टाइनचा राक्षस बनून आलेला बघून हर्मनचं कुटुंब दुखावतं. त्यानंतर 'रॉक-अ-बाय मन्स्टर'. त्यात मन्स्टर कोच ही गाडी येते. जॉर्ज बॅरिसच्या कारखान्यात ती तीन मॉडेल टी गाड्यांच्या सांगाड्यांतून बनली, लांबी १८ फूट. तिच्याचसाठी 'हॉट रॉड हर्मन'ही बघा. त्यात हर्मन शर्यतीत ती गाडी हरतो आणि ग्रँडपा शवपेटीची शर्यतगाडी करून ती परत जिंकायला निघतात.

पण एकच भाग बघायचा असेल तर 'एडीज निकनेम'. शाळेत मुलं एडीला 'शॉर्टी' म्हणून चिडवतात, आजोबांच्या औषधानं त्याला दाढी येते, आणि शेवटी हर्मन मुलाला समोर बसवून सांगतो की उंच-बुटका, जाड-बारीक, काळा-गोरा याला काही अर्थ नाही, माणसाचं मन केवढं आहे हे बघायचं. अमेरिकेत वर्णभेदाविरुद्धचा नागरी हक्क कायदा होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा, जानेवारी १९६५मध्ये, हे प्रक्षेपित झालं. लेखक हे संवाद हर्मनच्या तोंडी देतात तेव्हा मध्येच 'देखणा, तुझ्या बापासारखा' अशी त्याची फुशारकीही ठेवतात. ग्विन ते वाक्य जराही न थांबता, अगदी खरं मानून म्हणतो.

दुसऱ्या हंगामातून 'जस्ट अनदर प्रिटी फेस' चुकवू नका. विजेचा धक्का बसून हर्मन साधा माणूस होतो, म्हणजे ग्विन रंगभूषेशिवाय दिसतो, आणि घरातले सगळे त्याच्या विद्रूप चेहऱ्यानं हादरतात. पाठोपाठ 'झोम्बो': एडी टीव्हीवरच्या भुताच्या प्रेमात पडतो आणि हर्मनला मत्सर वाटतो. या सुमारास मालिका प्रेक्षक गमावत होती. जानेवारी १९६६पासून समोरच्या एबीसी वाहिनीवर त्याच गुरुवारच्या वेळी रंगीत 'बॅटमॅन' सुरू झाला होता. या दोन भागांत मात्र त्या घसरणीचा मागमूसही दिसत नाही.