कुस्को की क्विटो? आधी उंचीचा विचार करा

मुंबईहून दक्षिण अमेरिका गाठायलाच सहज दीड दिवस जातो. पुन्हा कधी जाणं होईल याची खात्री नसते. त्यामुळे पेरूमधलं कुस्को बघावं की इक्वेडोरची राजधानी क्विटो, हा प्रश्न पडला की लोक फोटो बघून ठरवतात. मी सांगेन, आधी उंची बघा.

क्विटो २,८५० मीटरवर आहे, कुस्को ३,४०० मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे दोन्ही शहरं त्याच्या कितीतरी वर. पण मधला साडेपाचशे मीटरचा फरक शरीराला चांगलाच कळतो. लेहला विमानाने उतरून पहिल्या रात्री ज्यांचं डोकं ठणकलंय, त्यांना कुस्कोची कल्पना येईल, कारण उंची जवळपास तेवढीच. क्विटोत बहुतेकांना जिने चढताना धाप लागते आणि दोन दिवसांत अंगवळणी पडतं. सोबत आई-बाबा असतील, कुणाला हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. दोन्हींतून एकच निवडायचं असेल तर क्विटो निवडा.

तब्येत ठणठणीत असेल तर मात्र माझा कौल कुस्कोला, आणि तो दगडांसाठी. हातुन रुमियोक नावाच्या अरुंद गल्लीत स्पॅनिश लोक येण्याआधी इथे राज्य करणाऱ्या इंकांच्या एका राजवाड्याची भिंत उभी आहे. तिच्यात बारा कोनांचा एक हिरवट दगड बसवलाय. बाराही कडांना शेजारचे दगड असे भिडलेत की सांध्यात नखसुद्धा शिरत नाही. चुना नाही, काही नाही. वर स्पॅनिश काळातली पांढरी भिंत चढवलीय, आणि दोन्हींमधला फरक शेंबड्या पोरालाही कळेल. १९५० च्या भूकंपात सांतो दोमिंगोचा मठ ढासळला, तेव्हा त्याच्या पोटात दडलेल्या कोरिकांचा या सूर्यमंदिराच्या भिंती उघड्या पडल्या. त्या जागच्या हलल्या नव्हत्या. वेरूळला कैलास लेण्यासमोर उभं राहिल्यावर आपण जसे गप्प होतो, तसंच तिथे होतं. योगायोग असा की अजिंठा, वेरूळ आणि कुस्को १९८३ सालीच जागतिक वारसा यादीत आले.

क्विटोत इंकांच्या अशा भिंती शोधत फिरू नका. १५३२ च्या सुमारास इंकांच्या गादीसाठी दोन सावत्र भाऊ लढले: कुस्कोचा वास्कर आणि क्विटोकडच्या फौजा हाताशी असलेला अतावाल्पा. अतावाल्पा जिंकला, पण लगेच स्पॅनिश सेनानी पिझारोच्या हाती सापडला आणि मारला गेला. पुढे स्पॅनिश फौज येताना पाहून त्याचा सेनापती रुमिन्याविने क्विटो जाळून टाकलं. आज दिसतं ते त्यानंतर उभं राहिलेलं शहर. ला कोम्पान्यिया चर्चचं बांधकाम १६०५ ला सुरू झालं आणि १७६५ पर्यंत चाललं. आत छतापासून वेदीपर्यंत सोन्याचा वर्ख आहे. बॅसिलिका या दुसऱ्या मोठ्या चर्चच्या भिंतींवरून तर दगडात कोरलेले इग्वाना आणि आर्मडिलो डोकावतात. युनेस्कोच्या १९७८ मधल्या अगदी पहिल्या बारा जागांत क्विटो होतं, ते उगाच नाही. जुन्या भागात आता मेट्रोही येते, त्यामुळे चालणं वाचतं.

हवामानात कुस्को आपल्या सोयीचं. मे ते सप्टेंबर तिथे कोरडा मोसम, म्हणजे मुलांच्या उन्हाळी सुट्टीचा मे महिना अगदी नेमका बसतो. रात्री मात्र कडाक्याची थंडी पडते, स्वेटर-कानटोपी हवीच. जानेवारी-फेब्रुवारीत धो धो पाऊस. माचू पिक्चू या इंकांच्या डोंगरावरच्या जुन्या शहराकडे जाणारी पायवाट, इंका ट्रेल, फेब्रुवारीत बंदच असते. क्विटो विषुववृत्ताला खेटून असल्याने वर्षभर तापमान साधारण सारखंच.

पोटाचं म्हणाल तर शाकाहारी माणूस दोन्हीकडे तगतो, क्विटोत जरा अधिक सुखाने. बटाटा आणि चीजचं दाटसर लोक्रो, वर अ‍ॅव्होकाडोच्या फोडी. शिवाय यापिन्गाचो, म्हणजे चीज भरलेल्या बटाट्याच्या टिक्क्या, सोबत शेंगदाण्याची चटणीवजा आमटी. पहिला घास घेतला आणि मला घर आठवलं. सूप मागवताना मात्र ते कोंबडीच्या पाण्यातलं नाही ना, हे दोन्हीकडे विचारून घ्या.

एक गोष्ट टाळून चालणार नाही. इक्वेडोरमध्ये टोळ्यांचा हिंसाचार वाढलाय. जानेवारी २०२४ मध्ये सरकारला त्यांच्याविरुद्ध सैन्य उतरवावं लागलं. तिकीट काढण्याआधी ताज्या बातम्या आणि आपल्या परराष्ट्र खात्याच्या सूचना वाचा. अंधार पडल्यावर जुन्या क्विटोत पायी भटकू नका.

कुस्को ठरलं, तर तिथे उतरल्या उतरल्या मुक्काम टाकू नका. विमानतळावरून थेट खाली उरुबांबाच्या खोऱ्यात जा, ओयान्तायताम्बोला दोन रात्री काढा. ते २,८०० मीटरच्या आसपास आहे. तिथूनच रेल्वेने माचू पिक्चू करा. ते आणखी खाली, २,४३० मीटरवर. तिकिटं तारीखवार आणि मोजकी असतात, काही महिने आधीच काढून ठेवा. कुस्को शेवटी ठेवा, तोवर छाती सरावलेली असते. हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा देतात, तो तिथेच प्या. पानं बॅगेत टाकून आणू नका, आपल्याकडे त्यांना कायद्याने बंदी आहे.