पारदर्शक अलाइनर: वर्षभराहून जास्त वापरल्यानंतर

खालचे पटाशीचे दात एकमेकांवर चढलेले, वरचा डावा सुळा वळलेला आणि त्याला लागून असलेला छोटा दात आत गेलेला, एवढी माझी तक्रार होती. लहानपणी तारा लावायच्या राहिल्या आणि वय वाढलं तशी खालची गर्दीही वाढत गेली. असं बहुतेकांचं होतं. अक्कलदाढ मागून ढकलते म्हणून पुढचे दात वाकडे होतात असं मीही वर्षानुवर्षं धरून चालले होते. डॉक्टरांनी सांगितलं की अक्कलदाढा कधी आल्याच नाहीत अशांच्याही तोंडात ही गर्दी वाढते.

आता पारदर्शक अलाइनरचा, म्हणजे दातांवर चढवायच्या आणि एकामागून एक बदलत जायच्या प्लास्टिकच्या साच्यांचा (त्यांना ट्रे म्हणतात), उपचार संपला आहे, दात सरळ आहेत आणि मी मनापासून समाधानी आहे. तरी कुणी विचारलं की मी पहिल्यांदा हेच सांगते की कोणत्या कंपनीचे ट्रे घ्यायचे हा प्रश्न सगळ्यात शेवटचा. दात कसे हलवायचे याचा आराखडा कोण करतंय आणि ट्रे दिवसाचे किती तास तोंडात राहणार आहेत, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं. प्लास्टिक तसं सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखंच असतं.

अलाइनर काम कसं करतो हे थोडक्यात सांगते, कारण ते कळल्यावर पुढचे नियम जाचक वाटत नाहीत. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, जेमतेम 0.2 मि.मी. जाडीचा. दातावर हलका पण सतत दाब राहिला की दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं आणि उलट्या बाजूला नवीन हाड भरतं. प्रत्येक ट्रे दाताच्या आत्ताच्या जागेपेक्षा किंचित पुढच्या जागेसाठी बनवलेला असतो. एका ट्रेमध्ये दात साधारण पाव मिलिमीटरच सरकवायचा असतो. या सगळ्यात ‘सतत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ट्रे काढून ठेवला की दात मागे जाऊ लागतो, आणि पुन्हा घातल्यावर आधी तेवढं अंतर भरून काढण्यात वेळ जातो. दिवसाला 20 ते 22 तास घाला असं सांगतात ते यासाठी.

कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतल्या केसलिंग नावाच्या ऑर्थोडॉन्टिस्टने (दात सरळ करणाऱ्या दंततज्ज्ञाने) 1945 च्या सुमारास दातांचा साचा घेऊन, त्यातले दात सुटे करून मेणात हव्या त्या जागी बसवले आणि त्यावरून रबराचं एक उपकरण बनवलं. तारा काढल्यावर राहिलेली बारीकसारीक दुरुस्ती त्याने होत असे. अशी उपकरणं एकापुढे एक वापरली तर मोठे बदलही करता येतील, हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं. पण प्रत्येक टप्प्याला हाताने मेणाचा नवा साचा करणं कुणाला परवडणार? 1997 मध्ये अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी निघाली, तिने हे टप्पे संगणकावर पाडले आणि 1998 मध्ये तिच्या इन्व्हिसलाइन या अलाइनरला अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेची, परवानगी मिळाली. म्हणजे नवीन काय झालं, तर टप्पे आखण्याचं काम सोपं झालं. ते टप्पे बरोबर आहेत की नाहीत हे बघायला माणूस आजही लागतोच.

सुरुवात ट्रेपासून होत नाही, हिरड्यांपासून होते. माझ्या ऑर्थोडॉन्टिस्टने आधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला, प्रत्येक दाताभोवती हिरडी किती खोल सुटली आहे ते मोजलं, दात स्वच्छ करून घेतले, एक जुनी फिलिंग बदलली आणि मगच दातांचं संगणकी चित्र घेणारा स्कॅनर तोंडात घातला. मोठ्यांच्या बाबतीत हे टाळून चालत नाही. हिरडीला सूज असताना, हाड झिजत असताना दात हलवले तर तो दातच गमावायची वेळ येऊ शकते. म्हणून घरच्या घरी साचा घेऊन पाठवा, ट्रे कुरियरने येतील, या पद्धतीवर माझा विश्वास नाही. त्या पद्धतीतली सगळ्यात गाजलेली कंपनी, स्माइलडायरेक्टक्लब, डिसेंबर 2023 मध्ये अचानक बंद पडली आणि उपचार अर्ध्यावर असलेल्या लोकांना दुसरा डॉक्टर शोधावा लागला. अधलेमधले दात घेऊन बसलेल्या त्या लोकांचा विचार करून मला आजही वाईट वाटतं.

स्कॅननंतर पडद्यावर तो प्रसिद्ध व्हिडिओ दाखवतात. वाकडे दात अलगद फिरत, सरकत रांगेत येतात आणि बघणारा लगेच हरखून जातो. तिथेच जरा थांबावं. पडद्यावर दिसतं ते ट्रे दाताला काय करायला सांगणार आहे. दात तेवढं ऐकेलच असं नाही. दात पुढे-मागे कलवणं अलाइनरला चांगलं जमतं. सुळे आणि उपदाढा गोलसर असतात, त्यांना जागच्या जागी फिरवताना प्लास्टिक निसटतं. दात हिरडीतून खाली ओढून आणणं त्याहून कठीण. हे सगळं मला उपचाराआधीच सांगितलं गेलं. ट्रे बनवणाऱ्या कंपनीकडून आलेला माझा पहिला आराखडा डॉक्टरांनी तसाच्या तसा मान्य केला नाही. सुळ्याचं फिरणं एका ट्रेमागे जास्त ठेवलं होतं ते त्यांनी कमी केलं, आणि आत गेलेल्या दातासाठी आधी जागा करून मग तो बाहेर काढायचा असा क्रम बदलला. ट्रे वाढले, वेळ वाढला. तुमचे डॉक्टर आराखडा दुरुस्तीसाठी परत पाठवतात का, आणि का पाठवतात, हे जरूर विचारा. माझ्या मते डॉक्टर पारखायची हीच खरी कसोटी आहे.

ट्रेला पकड मिळावी म्हणून काही दातांवर दातांच्याच रंगाचे कॉम्पोझिटचे (फिलिंगच्या पदार्थाचे) छोटे उंचवटे चिकटवतात, त्यांना अटॅचमेंट म्हणतात. ‘कुणाला दिसतही नाही’ या जाहिरातीला इथे थोडा छेद जातो. पुढच्या दातांवर ते असले की जवळून बोलणाऱ्याला काहीतरी आहे हे कळतं. ट्रे काढल्यावर ओठांच्या आतल्या बाजूला ते खरखरीत लागतात. माझा एक जेवताना निघाला, तो पुन्हा बसवून घेतला. शेवटी सगळे घासून काढतात आणि त्यांच्याखालचा दात जसाच्या तसा राहतो.

जागा करण्यासाठी काही दातांमधली कड घासावी लागली. याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. प्रत्यक्षात खरखर ऐकू येते, दुखत नाही, कारण इनॅमलला, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणाला, संवेदना नसते. दोन दातांमध्ये मिळून साधारण 0.2 ते 0.5 मि.मी. एवढंच घासतात. माझ्या बाबतीत त्यामुळे दात काढणं टळलं. शिवाय एकमेकांवर चढलेले दात सरळ झाले की हिरडीजवळ त्रिकोणी काळी फट दिसू लागते; कडा घासल्याने तीही लहान झाली. थोडी उरली आहे. मोठ्या वयात ती राहू शकते, हे सुरुवातीलाच ऐकून ठेवलेलं बरं.

आता रोजचं जगणं. 22 तास ट्रे तोंडात म्हणजे खाणं, पाण्याशिवायचं सगळं पिणं आणि दात घासणं मिळून उरले दोन तास. गरम पेयाने ट्रे वेडावाकडा होऊ शकतो, रंगीत पेयाने डागाळतो, आणि गोड पेय दात व ट्रे यांच्यामध्ये अडकून बसतं. तिथे लाळ पोहोचत नाही, त्यामुळे कीड लागायचा धोका वाढतो. म्हणून ट्रे घालून फक्त साधं पाणी. येता-जाता तोंडात काहीतरी टाकायची सवय आपोआप सुटली. एक घोट कॉफीसाठी ट्रे काढा, प्या, चूळ भरा, ट्रे धुवा, परत घाला, एवढं करण्यापेक्षा नको ती कॉफी, असं होतं. बाहेर जेवायला गेल्यावर हात धुवायची जागा आधी शोधावी लागते. ट्रे नेहमी डबीतच ठेवा. टिश्यू पेपरमध्ये गुंडाळलेला ट्रे जेवण उरकल्यावर कचऱ्यात जातो हे दंतवैद्यांकडे रोजचंच आहे.

ट्रे काढायची रीत अंगवळणी पडायला वेळ लागतो. पुढून ओढायचा नाही. मागच्या दाढेपाशी, जिभेच्या बाजूने, नखाने कड उचलायची. मग दुसऱ्या बाजूची दाढ. ‘टक्’ असा आवाज येतो आणि मग पुढचा भाग सैल होतो. नखं तुटत असतील तर त्यासाठी छोटा हुक मिळतो. घालताना उलटं: पुढचे दात आधी बसवायचे, बोटांनी दाढांवर दाबायचं, आणि मग च्युई (चावायचा छोटा रबरी तुकडा) दातांखाली ठेवून एकेका दातावर चावत जायचं. बोटांनी न बसवता थेट दातांनी दाबून ट्रे बसवला तर अटॅचमेंट निघू शकतात.

दुखतं का, हा प्रश्न सगळेच विचारतात. नवीन ट्रे घातल्यावर पहिले दोन-तीन दिवस दातांवर ताण जाणवतो आणि ट्रे काढून काही चावलं की कळ येते. मी नवा ट्रे नेहमी रात्री झोपताना घालायची, म्हणजे पहिले काही तास झोपेत जायचे. पहिल्या आठवड्यात स, श, च बोलताना जीभ अडखळत होती. रोज थोडा वेळ मोठ्याने वाचल्यावर ते गेलं.

स्वच्छता साधी आहे: गार पाणी आणि मऊ ब्रश. टूथपेस्टने ट्रेवर बारीक ओरखडे पडतात, त्यात घाण बसते आणि वास येतो. गरम पाणी अजिबात नाही. आणि आधीचा ट्रे फेकू नका. चालू ट्रे फुटला किंवा हरवला तर नवा मिळेपर्यंत तोच दात धरून ठेवतो.

मध्यावर आल्यावर तो आत गेलेला छोटा दात मागे पडला. आरशासमोर उजेडात पाहिलं की त्याच्या कडेवर, प्लास्टिक आणि दात यांच्यामध्ये, चंद्रकोरीसारखी फट दिसायची. शेजारचे दात ट्रेमध्ये गच्च आणि हा एकटा अधांतरी. तास पूर्ण भरत होते, तरीही. आधी त्याच ट्रेवर जास्त दिवस थांबून च्युई वाढवली, थोडा फरक पडला, पुरेसा नाही. शेवटी पुन्हा स्कॅन, नवा आराखडा, त्या दातावर वेगळ्या आकाराची अटॅचमेंट आणि ट्रेचा नवा संच. याला रिफाइनमेंट म्हणतात आणि ते लागणं अगदी नेहमीचं आहे. नवे ट्रे येईपर्यंतचे आठवडे जुनाच ट्रे घालून काढायचे, हा माझ्यासाठी सगळ्यात कंटाळवाणा काळ होता. पैसे ठरवताना रिफाइनमेंट त्यात धरली आहे का, आणि किती वेळा, हे लेखी घ्या. ‘अमुक महिन्यांत काम पूर्ण’ असं कुणी ठामपणे सांगत असेल तर त्यांना हाच प्रश्न विचारा.

आणखी एक गोष्ट मला चकित करून गेली. उपचार संपत आला तेव्हा ट्रे काढून दात मिटले की पुढचे दात आधी टेकायचे आणि मागच्या दाढांमध्ये किंचित फट राहायची. दिवसरात्र दाढांमध्ये प्लास्टिकची जाडी असल्याने असं होतं. ट्रे फक्त रात्री घालायला लागल्यावर काही आठवड्यांत दाढा पुन्हा नीट जुळल्या. तुमच्या जुळल्या नाहीत तर गप्प बसू नका, दाखवायला जा.

हे सगळ्यांसाठी आहे का? नाही. जबड्यांच्या हाडातच मोठा फरक असेल तर अलाइनर एकट्याने पुरत नाही. दात काढून मोठ्या जागा भरायच्या असतील तर तारा जास्त भरवशाच्या. इम्प्लांट (हाडात बसवलेला कृत्रिम दात) तर हलतच नाही, कारण त्याच्याभोवती तो तंतूंचा थर नसतो. तो आहे तिथे धरूनच बाकीचे दात आखावे लागतात. आणि ज्यांच्या कामात दिवसभर चव घेणं किंवा सारखं काही पिणं आहे, त्यांनी 22 तासांचा हिशेब आधी करून बघावा. तारा चोवीस तास आपलं काम करत राहतात, अलाइनर फक्त घातला तरच.

सध्या मी रिटेनरवर आहे, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणाऱ्या उपकरणावर. वर रात्री घालायचा पारदर्शक रिटेनर, खाली दातांच्या आतल्या बाजूला चिकटवलेली बारीक तार. दात हलल्यावर हिरडीतले ताणलेले तंतू कित्येक महिने त्याला मागे खेचत राहतात, आणि वयाबरोबर होणारी गर्दी तर थांबतच नाही. म्हणून रात्रीचा रिटेनर कायमचा. एखादी रात्र राहिली तर दुसऱ्या दिवशी तो घट्ट लागतो, हे मी स्वतः अनुभवलंय. खालच्या तारेभोवती टार्टर (दातांवर जमणारा कडक थर) लवकर साचतो, तिथे नेहमीचा फ्लॉस वरून घालता येत नाही, त्यामुळे दातांमधला छोटा ब्रश घ्यावा लागतो. शेवटच्या भेटीत अंतिम स्कॅनची फाइल मागून घ्या. रिटेनर पुढे झिजतो, फुटतो, आणि ती फाइल असेल तर तो कोणाकडूनही पुन्हा करून घेता येतो. मला ती मागितल्यावरच मिळाली.