अबोल उद्योजकाला रेफरल गट मानवतो का? आठ महिन्यांनंतरचा अनुभव

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा कोरुगेटेड (आत नागमोडी थर असलेल्या पुठ्ठ्याच्या) खोक्यांचा छोटा कारखाना आहे. माल कसा करायचा हे मला नीट कळते. चार अनोळखी माणसांत उभे राहून त्याचे गुणगान करणे मात्र स्वभावात नाही. ओळखीतून येणारी कामे पुरेनाशी झाली, तेव्हा आमच्या सीएंच्या आग्रहावरून मी एका स्थानिक व्यावसायिक रेफरल गटाचा सभासद झालो. त्याला आता सुमारे आठ महिने झाले. पुढे काही तक्रारीही मांडणार असल्याने गटाचे नाव देत नाही.

आयव्हन मिस्नर यांनी १९८५ साली अमेरिकेत सुरू केलेल्या बीएनआय (बिझनेस नेटवर्क इंटरनॅशनल) या संस्थेमुळे ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. आमच्या गटाचा साचाही साधारण तोच आहे: एका व्यवसायाचा एकच सभासद, दर आठवड्याला सकाळी बैठक, प्रत्येकाला ठरावीक वेळात स्वतःची ओळख करून देण्याची संधी आणि एकमेकांना गिऱ्हाइके सुचवण्याची अपेक्षा.

अबोल माणसाला या काटेकोरपणाचा त्रास होईल असे वाटते, पण माझा अनुभव नेमका उलटा आहे. एरवीच्या समारंभात दोघांच्या गप्पांत शिरायचे कसे आणि तिथून निघायचे कसे, यातच निम्मी शक्ती खर्च होते. इथे पाळी आपोआप येते, मिनिटभर बोलायचे, घंटा वाजली की बसायचे. खरा कस लागतो तो बैठकीपूर्वीच्या चहाच्या वेळी. त्यावर उपाय म्हणून मी नोंदणीच्या टेबलावर बसण्याचे काम मागून घेतले आहे. येणारा स्वतःच नाव आणि धंदा सांगतो, आपण बिल्ला द्यायचा आणि एखादा प्रश्न विचारायचा. तेवढ्यावर ओळख होते.

त्या एका मिनिटात काय बोलावे, हे स्वभावापेक्षा तयारीवर अवलंबून असते. ‘सर्व प्रकारची खोकी मिळतील’ या वाक्याने समोरच्याला एकही नाव आठवत नाही. ‘लोणची-मसाल्यांच्या बाटल्या कुरिअरने पाठवणारा, महिन्याला चार-पाचशे खोकी लागणारा आणि एवढी थोडी ऑर्डर कोणी घेत नाही म्हणून अडलेला उद्योजक’ असे म्हटले, की लेबले छापणाऱ्या सभासदाला त्याची दोन गिऱ्हाइके लगेच आठवतात.

तरीही माझ्या मते वर्गणी वसूल होते ती वन-टू-वन, म्हणजे बैठकीबाहेर दोनच सभासदांच्या भेटींमुळे. हा लेबलवाला सभासद एका दुपारी कारखान्यात आला. मी त्याच्यासमोर एक तीन पदरी आणि एक पाच पदरी खोका कटरने कापला, आतला कागदाचा नागमोडी थर (फ्लूट) अंगठ्याने दाबायला दिला आणि पावसाळ्यात कागद दमट हवा शोषून नरम पडतो, म्हणून थप्पीतला सर्वांत खालचा खोका आधी दबतो, हे दाखवले. त्याच्या एका गिऱ्हाइकाची नेमकी हीच तक्रार होती. त्याने तिथूनच फोन लावला आणि पुढच्या आठवड्यात नमुने गेले. मशीनशेजारी उभा राहून मी तासभर बोलू शकतो, हे त्या दिवशी घरच्यांनाही खरे वाटले नाही. आज त्या गिऱ्हाइकाची ऑर्डर दर महिन्याला येते.

याच काळात लिंक्डइन आणि व्हॉट्सॲप बिझनेसही वापरत होतो. मोठ्या कंपन्यांच्या खरेदी विभागात कोण आहे, हे शोधायला लिंक्डइन उपयोगी पडले; पण आमच्या आकाराचे बरेच गिऱ्हाईक तिथे फिरकतच नाही. व्हॉट्सॲपचा कॅटलॉग उत्तम, मात्र ब्रॉडकास्टचा निरोप आपला नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोहोचतो. म्हणजे आधी ओळख हवीच.

आता तक्रारी. दर आठवड्याला काहीतरी रेफरल दिलेच पाहिजे असा अप्रत्यक्ष दबाव असतो आणि त्यातून नावापुरते रेफरल येतात. फोन केल्यावर समोरचा विचारतो, ‘खोकी? मी कुठे मागितली?’ अशा फोननंतर माझ्यासारख्याला पुढचा फोन करायला संध्याकाळ उजाडते. गैरहजेरीचे नियमही कडक आहेत. पहिल्या पाळीला यंत्र बिघडले तरी बैठकीला बदली माणूस पाठवावा लागतो. गटाच्या व्हॉट्सॲपवरील सुप्रभात आणि वाढदिवसांविषयी न बोललेलेच बरे. ते मी म्यूट केले आहे आणि त्यामुळे काही अडलेले नाही.

सभासदत्वाचे मी नूतनीकरण करणार आहे. सहली आणि कौटुंबिक मेळाव्यांना जाणार नाही, पण महिन्याला दोन वन-टू-वन भेटी चुकवणार नाही, आणि त्याही शक्यतो लेबल छापणारे, वाहतूकदार आणि खाद्यपदार्थांचे सल्लागार यांच्याशीच, कारण माझे गिऱ्हाईक माझ्या आधी त्यांच्या दारात जाते. आपल्या धंद्याच्या अशा शेजारचे तीन-चार व्यवसाय गटात आहेत का, एवढे पाहुणा म्हणून एका बैठकीला जाऊन तपासावे. नसतील तर वर्गणी भरू नये.