ऑफिसच्या टेन्शनवर अरोमाथेरपी: डिफ्युझर, रोल-ऑन की इनहेलर स्टिक?

अरोमाथेरपी म्हणजे सुगंधी तेलाचा वास घेऊन मन शांत करायचं, आणि त्यासाठी कुठलं तेल घेऊ, असं सगळे आधी विचारतात. पण ऑफिसपुरतं म्हणाल तर आधी हे ठरवा की वास घ्यायचा कसा, कारण घरी आपण एकटे असतो आणि ऑफिसात आपल्या टेबलावरचा वास आजूबाजूच्या चार जणांच्या नाकात जातो, आणि त्यांना कोणी विचारलेलं नसतं. मी तिन्ही प्रकार वापरून बघितलेत, म्हणून सांगतेय.

डिफ्युझर, म्हणजे तेलाचा वास हवेत पसरवणारं यंत्र, दिसायला सगळ्यात छान. अल्ट्रासॉनिक वाल्यात पाणी भरायचं, तीन-चार थेंब तेल टाकायचं, कंपनांनी त्याचं बारीक धुकं होतं आणि वास पसरतो. दुसरा नेब्युलायझर, त्यात पाणी लागत नाही पण नुसतं तेलच उडतं, त्यामुळे बाटली पटापट संपते आणि आवाजही येतो, तो ऑफिसात नकोच. मी टेबलावर छोटा अल्ट्रासॉनिक ठेवला होता, मला खूप बरं वाटायचं, आणि दुसऱ्या आठवड्यात शेजारची मैत्रीण म्हणाली की तिचं मायग्रेन रोज दुपारी उठतंय. आठवडाभर ती बिचारी गप्प बसली होती, मला वाईट वाटू नये म्हणून. त्या दिवशी तो घरी नेला तो कायमचा. कोणाला दमा असतो, कोणी प्रेग्नंट असतं, आपल्याला माहीतही नसतं. तुमची स्वतःची बंद केबिन असेल तर ठीक आहे, पण तिथेही वीस-तीस मिनिटं लावा आणि बंद करा. नाकाला वासाची सवय होते, मग दिवसभर चालू ठेवून तुम्हाला तो जाणवतही नाही, आणि आत येणाऱ्याला मात्र गुदमरल्यासारखं होतं. आणि पाणी रोज बदलायचं, नाहीतर आत बुरशी धरते.

रोल-ऑन पर्समध्ये मावतो, मनगटावर फिरवला की झालं. पण इथे त्वचेचा प्रश्न येतो. इसेन्शियल ऑइल, म्हणजे वनस्पतीतून काढलेलं तीव्र सुगंधी तेल, थेट अंगाला लावायचं नाही, आधी बदाम किंवा जोजोबा तेलात मिसळायचं, 2% म्हणजे 10 मिलीच्या बाटलीत साधारण 4 थेंब, बस. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. बर्गामॉट (लिंबाच्या जातीच्या फळाचं तेल) आवडत असेल तर जास्त जपा, त्यात बर्गाप्टेन नावाचा घटक असतो, ते तेल लावून उन्हात गेलात तर त्वचा अक्षरशः भाजल्यासारखी होते, त्यामुळे बाटलीवर बर्गाप्टेन-फ्री लिहिलेलं बघूनच घ्या. आणि रोल-ऑनचा मला सगळ्यात नकोसा वाटणारा भाग म्हणजे लावलं की लावलं, मग मीटिंगमध्ये वास नकोसा झाला तरी हात धुवून पूर्ण जात नाही.

इनहेलर स्टिक म्हणजे लिपस्टिकएवढी नळी, आत कापसाची वात, त्यावर 15-20 थेंब. झाकण उघडायचं, दोन-तीन सावकाश श्वास घ्यायचे, झाकण लावायचं. शेजाऱ्याला जवळपास काहीच कळत नाही, त्वचेला लागत नाही. मी ऑफिससाठी हीच निवडते, आणि फक्त शेजाऱ्यांच्या सोयीसाठी नाही. बाकीच्या संवेदना मेंदूत आधी थॅलॅमसमधून जातात, वास मात्र तो टप्पा टाळून भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या अमिग्डाला-हिप्पोकॅम्पसकडे बऱ्यापैकी थेट पोचतो, म्हणून तर एखाद्या वासाने जुना दिवस डोळ्यासमोर उभा राहतो ना. याचा उपयोग करून घ्यायचा. नवी स्टिक पहिल्यांदा टेन्शनमध्ये उघडू नका, आधी आठ-दहा दिवस रात्री शांत बसून, लांब श्वास सोडत हुंगा, मग तोच वास बॉसच्या मेलनंतर घेतला की शरीराला ती शांतता ओळखीची वाटते. दिवसभर चालणाऱ्या डिफ्युझरने हे होत नाही, कारण तो वास टेन्शनच्या वेळीही असतोच, मग तो कामाचाच वास होऊन बसतो.

आता तेल. शांत व्हायचं असेल तर लॅव्हेंडर, पण बाटलीवर लॅव्हेंडुला अँगस्टिफोलिया लिहिलंय का बघा. लॅटिफोलिया म्हणजे स्पाइक लॅव्हेंडर, त्यात कापराचा अंश जास्त असतो आणि वास उग्र येतो. पेपरमिंटने तरतरी येते, पण धडधड होत असताना तरतरी काय कामाची, ते दुपारच्या पेंगेसाठी ठेवा. नुसतं फ्रॅग्रन्स ऑइल लिहिलं असेल तर तो बनवलेला सुगंध असतो, सोडून द्या.

हे सगळं किती खरं, तर लॅव्हेंडरने अस्वस्थता कमी झाल्याचं बऱ्याच छोट्या अभ्यासांत दिसलंय, पण वास लपवता येत नसल्यामुळे त्यात अपेक्षेचा वाटा किती हे वेगळं काढणं अवघड जातं. माझ्यासाठी ते दोन-तीन मिनिटांचं थांबणं पुरेसं मोलाचं आहे. पण झोप उडाली असेल, सकाळी ऑफिसच्या विचाराने पोटात गोळा येत असेल, तर स्टिकवर अवलंबून राहू नका, डॉक्टरांना किंवा काउन्सेलरला भेटा.

दमा असेल तर स्टिकसुद्धा डॉक्टरांना विचारूनच. आणि तेलाची बाटली गडद काचेची घ्या, झाकण घट्ट लावून उन्हापासून लांब ठेवा, कारण हवा लागून जुनं झालेलं लॅव्हेंडर रोल-ऑनमध्ये घातलं तर अंगाला खाज सुटू शकते, वास बदललाय असं वाटलं की टाकून द्या.