आफ्रिकेत घोड्यावरून: कायमचा तळ बरा की फिरता?

ज्यांची मांड बऱ्यापैकी बसली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. दुडकीत लयीनं उठता-बसता येतं, घोडा चौखूर निघाला तरी त्याच्या मानेला मिठी मारावी लागत नाही, एवढं जमत असेल तर आफ्रिकेतल्या बहुतेक सफारी तुम्हाला घेतील. पुण्या-मुंबईच्या रायडिंग क्लबांत असे बरेच जण आता भेटतात आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: बोट्सवाना की केनिया? मी म्हणतो, देश नंतर बघू. एकाच कॅम्पात राहून रोज रपेट मारून परत यायचंय, की कॅम्पच पुढे सरकत राहणार आणि आपण दिवसभर दौड करून संध्याकाळी तो गाठायचा, हे आधी ठरवा. मी दोन्ही केलंय. पहिला प्रकार बोट्सवानातल्या ओकावांगो डेल्टात, दुसरा केनियातल्या मसाई माराच्या बाजूला.

डेल्टाबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण बोलण्यासारखं खूप आहे. तिथलं पाणी उलट्या हंगामात येतं. अंगोलाच्या उंच मुलखात वर्षाच्या सुरुवातीला पडलेला पाऊस सपाट जमिनीवरून रांगत काही महिन्यांनी बोट्सवानात पोचतो. त्यामुळे जून ते ऑगस्टमध्ये, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, डेल्टा तुडुंब असतो. ओकावांगो नदी समुद्राला मिळत नाही, तिथेच जिरते आणि उडून जाते. या पाण्यातून घोडा घालायचा. कुठे गुडघाभर, कुठे रिकिबीतले बूट भिजतील इतकं. लेचवे हरणांचा कळप पाणी उडवत पुढे पळतो आणि मागून आपण. हत्ती ताडाच्या बेटावर चरत असतो आणि वारा आपल्याकडे वाहत असेल तर बराच वेळ त्याला आपला पत्ता नसतो. जीपमधून हत्ती पाहिलेल्या माणसालाही घोड्यावरून पाहताना पोटात गोळा येतो. खाली इंजिन नसतं, दुसरा एक जीव असतो आणि तोही घाबरलेला असतो.

कायमच्या तळाचे फायदे उघड आहेत. पलंग, गरम पाणी, वाळलेले कपडे. सकाळी लांब रपेट झाली की दुपारी मोकोरोतून, म्हणजे तिथल्या अरुंद होडीतून, फिरा किंवा जीपनं जा. नवऱ्याला घोडा आवडतो आणि बायकोला नाही (किंवा उलट) अशा जोडप्यांना यापेक्षा बरी सोय नाही. घोडेही ताजे राहतात, एखाद्याशी जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी दुसरा मिळतो.

या प्रकारच्या सहली महाग का पडतात, तेही सांगून टाकतो, म्हणजे आकडा बघून कुणी दचकायला नको. बोट्सवानाचं धोरणच मुळी थोडे पर्यटक आणि जास्त पैसे असं आहे. त्यात आफ्रिकेत घोडा जगवणं सोपं नाही. त्सेत्से माशीमुळे होणारा नागाना रोग घोड्यांना मारतो. डेल्टात 2001 आणि 2002 मध्ये विमानांनी फवारणी करून ती माशी हटवली. दुसरा शत्रू म्हणजे आफ्रिकन हॉर्स सिकनेस. चिलटांसारख्या बारीक माश्या तो पसरवतात, विशेषतः संध्याकाळी आणि पहाटे, आणि लस न टोचलेला घोडा बहुधा वाचत नाही. झेब्रा मात्र तोच विषाणू अंगात बाळगून खुशाल चरत असतो. 1960 च्या सुमारास हा रोग पश्चिम आशियामार्गे भारतापर्यंत येऊन गेलाय, तेव्हा जुन्या घोडेवाल्यांना नाव ऐकून माहीत असेल.

आता माझी तक्रार.

कायमच्या तळावर पाहुणे आपापल्या तारखेला येतात आणि जातात. डेल्टाच्या कडेच्या मौन या गावाहून छोटं विमान येतं, दोघांना उतरवतं, दोघांना घेऊन जातं. कागदावर ही सोय वाटते. घोड्यावर बसल्यावर मात्र तिचा अर्थ असा होतो की तुमचा गट दर दोन-तीन दिवसांनी नव्यानं बनतो. नवा माणूस आला की सकाळी त्याची चाचणी. कदम चाल, मग दुडकी, मग जमलं तर चौखूर. आणि जंगलात नियम एकच: गटाची चाल सगळ्यांत कच्च्या स्वाराच्या बेतानं. हा नियम योग्यच आहे. सिंह समोर आला तर घोडा पळवायचा नसतो, तोंड त्याच्याकडे ठेवून सगळ्यांनी एकत्र थांबायचं असतं; तिथे एकाचा घोडा उधळला तर बाकीचे मागोमाग सुटतात. त्यामुळे मार्गदर्शकाला दोष द्यायची सोय नाही.

माझ्या वेळी झालं असं की माझं आणि घोडीचं सूत नुकतं जुळलं होतं. पाणी दिसलं की ती कान टवकारायची, मी बसक जरा हलकी केली की आपण होऊन वेग घ्यायची. त्याच दुपारी एक जोडपं उतरलं. स्वभावानं फार गोड माणसं. फॉर्मवर त्यांनी 'अनुभवी' असं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुडकीतच त्यांचं खोगीर एका अंगाला आणि ते दुसऱ्या अंगाला. झालं. तिथून पुढे सगळी वरात कदम चालीनं. समोर मैलभर उथळ पाणी पसरलेलं, माझी घोडी लगाम चावतेय, आणि आम्ही एकामागे एक चालतोय. दोन मार्गदर्शक असते तर दोन गट झाले असते. एक जण सुटीवर गेला होता. संध्याकाळी शेकोटीपाशी त्या बाईंनी मला विचारलं, 'किती शांत राइड होती, नाही?' मी हो म्हटलं. काय म्हणणार?

कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीवरून डेल्टासारख्या जागेला नाव ठेवायचं? असेलही एवढीशी. पण मुंबईहून जोहान्सबर्ग, तिथून मौन, तिथून पिटुकलं विमान, त्यात हातातली बॅग धरून वीस किलोच्या आसपास सामान, म्हणून हेल्मेट काखेत आणि रायडिंगचे बूट पायात घालून प्रवास, एवढं सगळं करून पोचल्यावर चाल दुसऱ्या कुणाच्या फॉर्मवर ठरावी, हे मला तरी जड गेलं. तुमचा स्वभाव माझ्यापेक्षा थंड असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

फिरत्या तळावर ही भानगड नसते. तारीख ठरलेली, गट ठरलेला, सगळे एकाच सकाळी रिकिबीत पाय घालतात. कच्चा स्वार कोण ते पहिल्याच दिवशी कळतं, आणि त्याच्यासाठी सामानाच्या गाडीत जागा असते. त्यात त्यालाही कमीपणा वाटत नाही, कारण लांब पल्ल्याच्या दिवशी चांगल्या स्वारांनाही गाडी आठवते.

माराच्या दौडी साधारणपणे लोइताच्या बाजूनं सुरू होऊन मसाई लोकांच्या कन्झर्व्हन्सींमधून, म्हणजे त्यांच्या मालकीच्या राखीव रानांमधून, जातात. मुक्काम बहुतेक ठिकाणी दोन रात्रींचा. आपण निघालो की मागे तंबू उतरतात, ट्रक दुसऱ्या वाटेनं पुढे जातो, आणि संध्याकाळी टेकडी उतरताना झाडाखाली तेच तंबू उभे दिसतात. झाडाला टांगलेल्या बादलीतून आंघोळ, खड्ड्याचा संडास, निखाऱ्यावरचं जेवण. शाकाहारी असाल तर आधी कळवा. केनियात चपाती घरोघरी लाटतात, तेव्हा उपाशी राहायची पाळी येत नाही.

घोडा मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत बहुधा एकच. याचं महत्त्व सांगून कळत नाही. दोन-तीन दिवसांत त्याच्या खोडी कळतात, त्याला तुमच्या कळतात. रात्री घोडे दोरीला ओळीनं बांधलेले असतात, सईस आळीपाळीनं जागतात, आणि दूर सिंह डरकाळला की आपल्या घोड्याचं फुरफुरणं तंबूत ओळखू येतं. जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान विल्डबीस्टचे कळप तिकडे असतात. गवताळ माळावर ते पळायला लागले आणि मार्गदर्शकानं मागे वळून मान हलवली की त्यांच्या बरोबरीनं घोडे सोडायचे. तेव्हा खाली बघायचं भान ठेवा. आर्डवार्क या वाळवी खाणाऱ्या प्राण्यानं उकरलेली बिळं गवतात दिसत नाहीत, पुढच्या स्वाराचा हात ज्या बाजूला जाईल तिकडे डोळे हवेत. सिंहापेक्षा मला ती बिळंच जास्त धोक्याची वाटली.

तोटे आहेतच. मुक्काम हलवायच्या दिवशी सहा-सात तास खोगिरात जाऊ शकतात. गुडघ्याच्या आतल्या बाजूची कातडी सोलवटते, आणि शनिवार-रविवारच्या सरावावर विसंबून गेलेल्यांची जास्त. जायच्या आधी दोन महिने तरी सलग दोन-दोन तास बसायची सवय करा. गट बदलत नाही याचा अर्थ कंटाळवाणा माणूसही बदलत नाही. तारखा त्यांच्या, सुटी तुम्ही जुळवायची. लांबत्या पावसात, मार्च ते मे, या दौडी जवळपास बंदच असतात. घोड्यावर न बसणाऱ्या जोडीदाराला नेऊ नका, दिवसभर ट्रकमध्ये बसून तो किंवा ती काय करणार?

कागदपत्रांत एक फरक लक्षात ठेवा. केनियाहून परत येताना भारतात पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं, प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी टोचलेलं. ते नसलं तर विमानतळावरूनच विलगीकरणात नेतात. एकदा टोचलं की ते आता जन्मभर चालतं. बोट्सवाना आणि दक्षिण आफ्रिकेसाठी ही कटकट नाही. उलट बाजूला, मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, जे मौनला नाही. वजनाची अट मात्र दोन्हीकडे कडक. नव्वद-पंच्याण्णव किलोच्या वर बहुतेक जण घेत नाहीत आणि काही ठिकाणी वजनकाट्यावर उभं करतात, तेव्हा फॉर्मवर तरी खरं लिहा.

नवशिके आणि मुलांना घेऊन जाणारे यांनी वरचं सगळं विसरून दक्षिण आफ्रिकेतल्या वॉटरबर्गकडे बघावं. मलेरिया नाही, जोहान्सबर्गहून गाडीनं तीन-चार तास, गेंडे-जिराफ घोड्यावरून दिसतात, आणि सिंह नसलेली राखीव रानं निवडता येतात. तिथे कायमचा तळच बरा. गटाची चाल मंद असली तर बिघडत नाही, तीच हवी असते.

आणि खिसा हलका असेल तर लेसोथो. सबंध देश 1400 मीटरच्या वर. मालेआलेआ किंवा सेमोन्कोंगहून गावकऱ्यांच्या मालकीचे बासोथो पोनी मिळतात, खोगिरामागे शिधा बांधायचा, डोंगर चढायचा-उतरायचा, रात्री गवती छपराच्या गोल झोपडीत. सेमोन्कोंगजवळ मालेत्सुन्याने धबधबा 192 मीटरवरून कोसळतो. जंगली जनावरं नाहीत, चौखूर दौड जवळपास नाही, पण खडकाळ उतारावर त्या पोनीचा पाय कसा पडतो ते पाहण्यासारखं आहे. तोही फिरताच तळ, तंबू आणि ट्रक वजा. हेल्मेट स्वतःचं न्या. लेसोथोभोवती चहूकडे दक्षिण आफ्रिकाच असल्यानं दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा मागा, नाहीतर आत गेल्यावर परत येता येणार नाही.

तरीही डेल्टाचं पाणी डोळ्यांसमोरून हलत नसेल तर जा, मी अडवणार नाही. पाच-सहा ओळखीचे स्वार जमवून सगळा कॅम्प एकाच तारखेला घेतलात तर माझी तक्रार आपोआप निकालात निघते. ते जमणार नसेल तर पैसे भरण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारा: त्या आठवड्यात घोड्यावर बसणारे मार्गदर्शक किती असतील, आणि मधेच नवे पाहुणे आले तर गट वेगळे करणार का. उत्तर गुळमुळीत आलं तर नैरोबीचं तिकीट बघा.