सांगलीत साखरमाळ घ्यायची तर गावभागातल्या या घरातून

माझं शिवणकाम आहे. त्यामुळे साखरमाळ, म्हणजे गुढीला घालायची साखरेच्या गाठींची माळ, हातात आली की मी आधी दोरा बघते, मग साखर. माळा विकणाऱ्यांपैकी दोऱ्याचा विचार करणारं माणूस मला २०२५ साली पहिल्यांदा भेटलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

खणभागात माझं दुकान आहे. ब्लाउज, परकर, फॉल-बिडिंग हे बारा महिन्यांचं काम. गेली सहा वर्षं पाडव्याच्या आधी महिनाभर मी गुढीची शिवलेली वस्त्रं करते. विश्रामबागेकडे आता सगळे फ्लॅट झाले. तिथं गॅलरीला जाळी असते, उंच कळक बाहेर काढायला जागा नसते. मग दीड-दोन फुटांची गुढी लागते आणि तिला बेताचं वस्त्र लागतं. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण आणून मी त्याच्या बारीक निऱ्या घालते, वरती नाडी ठेवते, म्हणजे काठीला बांधलं की झालं. गिऱ्हाइकं म्हणतात, सगळं एकत्रच द्या. म्हणून वस्त्र, काठी, छोटा तांब्या आणि साखरमाळ असा संच देते. कडुलिंबाचा डहाळा मात्र देत नाही. तो त्या दिवशी सकाळी ताजाच तोडावा.

त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०२४ साली, पाडवा ९ एप्रिलला होता. ऊन मी म्हणत होतं. माळा बाजारातून घेतल्या होत्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद, पांढऱ्याशुभ्र आणि मधे एक गुलाबी पदक. दिसायला देखण्या होत्या. दुकानात ठेवल्या आणि दोन दिवसांत पिशवीच्या आतून ओल आली. मी पुसून, पंख्याखाली वाळवून दिल्या. पाडव्याच्या सकाळी नऊ वाजता एका गिऱ्हाइकाच्या सुनेचा फोन आला. गुढी उभी करून नमस्कार करत असतानाच माळेतल्या गाठी एकामागून एक घसरून खाली पडल्या. दोरा तुटला नव्हता. दोरा तसाच लोंबत होता आणि गाठी फरशीवर. त्यांच्या सासूबाई बोलल्या काही नाहीत, पण त्यांच्या घरातलं ते नव्या सुनेचं पहिलं वर्ष होतं. सणाच्या दिवशी सकाळी दारातली माळ वाढली, ही गोष्ट घरातल्या बाईच्या मनाला किती लागते ते मला सांगायला नको. मी तशीच उठले, घरातली आमची माळ काढली आणि त्यांच्याकडे नेऊन दिली.

घरी येऊन उरलेली एक माळ फोडून बघितली. आत नायलॉनचा गुळगुळीत दोरा. साखर त्याला धरतच नाही. सुती दोरा पाक थोडा पितो, त्याच्या पिळात साखर घट्ट बसते. नायलॉनभोवती ती नुसती नळीसारखी थांबते आणि ओल आली की सुटते. हे मला आधी कळायला हवं होतं, कारण रोज माझ्या बोटांत दोराच असतो.

तेव्हाच ठरवलं की पुढच्या वर्षी माळ बनताना बघितल्याशिवाय घ्यायची नाही.

हे घर मला एका जुन्या गिऱ्हाईक आजींनी सांगितलं. मारुती रोडवरून गावभागात आत शिरलं की बोळ अरुंद होत जातात, तिथल्या एका बोळात आहे. पाटी नाही, बाहेर काही मांडलेलं नाही. रंगपंचमीनंतर सकाळी सातच्या सुमाराला गेलात तर पाकाचा वासच दारापर्यंत नेतो. नवरा-बायको (मी त्यांना मामा-मामी म्हणते), त्यांचा मुलगा आणि एक नात्यातली बाई, एवढी चारच माणसं. शिवरात्र झाली की साचे काढायचे आणि पाडव्याच्या आदल्या रात्री काम बंद, असा त्यांचा नेम. बाकीचं वर्ष मामांचं किराणा दुकान आहे.

पहिल्या दिवशी मामांनी मला परत पाठवलं. मी पिशवी घेऊन उभी, आणि ते आभाळाकडे बघून म्हणाले, "ताई, आज ढग हाईत. आज काढली तर माळंला घाम फुटंल. उद्या या." त्या दिवशी चूलसुद्धा पेटवली नव्हती. हंगामाचे मोजून महिनाभर दिवस असताना एक दिवस असा सोडणं सोपं नाही. मला तिथंच विश्वास बसला.

दुसऱ्या दिवशी मामींनी मला आत बसायला पाट दिला आणि मी दोन तास सगळं बघितलं. साचे सागवानी, दोन फळ्यांचे. आत गाठींचे वाटोळे खळगे आणि मधे मोठं पदक कोरलेलं, त्यावर आठ पाकळ्यांचं फूल. साचे आदल्या रात्रीपासून पाण्यात. लाकूड कोरडं राहिलं तर साखर त्याला चिकटते आणि गाठीचा तोंडवळाच जातो. मुलगा ओला साचा उचलतो, खाचेत दोरा ताणून बसवतो, दुसरी फळी वर ठेवतो आणि खिट्टी ठोकतो. दोरा ताणताना तो एकदा करंगळीने टिचकी मारून बघत होता. आम्ही मशीनचा ताण बघतो तसंच.

कढईत साखर आणि पाणी उकळायला लागलं की मामा त्यात दूध घालतात. मळी वर येते, ती झाऱ्याने काढून टाकायची. परत दूध, परत मळी. तिसऱ्या वेळेला पाक आरशासारखा झाला होता. मग थेंब पाण्यात टाकून बघायचा, बोटांत गोळी वळली की कढई खाली. खरं कसब यानंतर आहे. पाक उतरवल्यावर मामा लाकडी दांड्याने तो कढईच्या कडेला घोटत राहतात. पारदर्शक पाक बघता बघता धुरकट होतो, मग दुधाळ. त्या क्षणी ओतायला सुरुवात झालीच पाहिजे. जरा लवकर ओतला तर गाठ काचेसारखी कडक होते, जरा उशीर झाला तर कढईतच घट्ट. त्यावेळी घरात कुणी कुणाशी बोलत नाही. मामी चरवीने ओततात, मुलगा साचे पुढे सरकवतो, आणि दहा मिनिटांत पहिली खिट्टी निघते. फळी उचलली की माळ अखंड बाहेर. ती सुपात नाही, पंच्यावर ठेवतात, म्हणजे खालून वारा लागतो.

मी विचारलं, पांढरं करायला पावडर घालता का? मामांनी कढईकडे बोट दाखवलं. "दुधानं जेवढं पांढरं हुतंय तेवढंच. पोरं खात्यात ती." म्हणून यांची माळ खडूसारखी पांढरी नसते, किंचित सायीच्या रंगावर असते. बाजारातल्या माळेशेजारी ठेवली तर जुनी वाटेल. फसू नका, तोच तिचा खरा रंग आहे. रंगीत माळ ते करतच नाहीत.

दोरा तीन पदरी सुती. मी पीळ उलगडून बघितला. नंतर मामींच्या परवानगीने एक माळ दोन्ही टोकांना धरून झटके दिले, पाच-सहा वेळा चांगले जोरात. एक गाठ हलली नाही. चव सांगायची तर, दाताखाली आधी कुरकुर आणि मग विरघळते, घशाला खवखव होत नाही. लहान मुलाला चोखायला देता येते.

काही माळांना कडेने बारीक धार दिसेल. त्याची गोष्ट अशी की २०१९च्या पुरात, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा, हा सगळा बोळ पाण्यात होता. मामांनी आधी साचे वरच्या माळ्यावर टाकले, धान्य नंतर. तरी खालच्या पेटीत तीन साचे राहिले. पाणी ओसरल्यावर ते गाळातून काढले, सावलीत महिनाभर वाळवले, पण फळ्या थोड्या वाकल्याच. त्या फटीतून पाक झिरपतो आणि कडेला धार येते. ते साचे त्यांच्या आजोबांच्या वेळचे आहेत आणि तसं कोरून देणारा सुतार त्यांना आता मिळत नाही. धार असलेली माळ मी मुद्दाम मागून घेतली, ती आमच्या घरच्या गुढीला.

दर किलोला १५० रुपये होता. छोट्या साच्याच्या माळा किलोत दहा बसतात. मी ८० घेतल्या, आठ किलो, १२०० रुपये झाले. बाजारात याहून स्वस्त मिळते हे खरं आहे. फरक कशाचा आहे ते वर लिहिलंच आहे.

खटकलेल्या गोष्टीही लिहिते. माळा वर्तमानपत्रात गुंडाळून देत होते. साखरेला शाई लागते आणि ही वस्तू देवाला दाखवून मग लेकरांच्या तोंडात जाते. मी तसं सांगितलं. मामी म्हणाल्या, खरं आहे, पण इतकी वर्षं कुणी बोललं नाही. दुसऱ्या खेपेला गेले तर कोरा कागद आणलेला होता. तरी तुम्ही आपला स्टीलचा डबा घेऊन जा. फोनवर ऑर्डर घेत नाहीत, स्वतः जाऊन नाव लिहून यावं लागतं. पैसे रोख. बोळात दुचाकीसुद्धा वळत नाही, गाडी मारुती रोडला लावून चालत जावं. आणि शेवटच्या दोन दिवसांत इतकी गर्दी होते की वयस्कर माणसांना उन्हात उभं राहावं लागतं. तिथं एक बाकडं आणि पाण्याची कळशी ठेवायला हवी. हे मी त्यांनाही बोलले आहे.

२०२५चा पाडवा रविवारी आला, ३० मार्चला. शके १९४७ लागलं. सकाळी गच्चीवर आमची मोठी गुढी उभी केली: कळक धुऊन हळदी-कुंकवाची बोटं, माझ्या सासूबाईंची मोतिया रंगाची जरीची साडी, कडुलिंब, आंब्याचा डहाळा, झेंडूचा हार, धार असलेली साखरमाळ आणि वर पालथा तांब्या. कडुलिंबाची कोवळी पानं आणि फुलोरा, ओवा, मीठ, हिंग, चिंच, गूळ एकत्र वाटून सगळ्यांनी खाल्लं. माझ्या भाचीची मुलगी तीन वर्षांची आहे, तिनं तोंड वाकडं केलं आणि गुढीच्या माळेकडे बोट दाखवलं. गुढी उतरेपर्यंत थांबायचं असतं, म्हणून तिच्यासाठी वेगळी माळ आणली होती. ती तिच्या गळ्यात घातली. दुपारभर ती त्या माळेसकट गच्चीत पळत होती, आणि संध्याकाळी दोऱ्याला चार गाठी शिल्लक होत्या. चारही जागच्या जागी.

त्या दिवशी मी फोन उशाशी ठेवला होता. सकाळी नऊ वाजता वाजला तेव्हा छातीत धस्स झालं. गेल्या वर्षीच्याच त्या सूनबाई होत्या. गुढीचा फोटो पाठवलाय म्हणून सांगायला केला होता. फोटोत त्यांच्या सासूबाई गुढीशेजारी उभ्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन.

पाडव्याला माळ चांगली निघाली, एवढ्यावर मी हे लिहिणार नव्हते. एक माळ मुद्दाम स्टीलच्या डब्यात ठेवली. तृतीयेला चैत्रगौर बसली तेव्हा ती गौरीच्या झोपाळ्याला बांधली आणि महिनाभर तिथंच राहू दिली. एप्रिलात आपल्याकडे वळवाचं आभाळ येतं, दोनदा चांगला शिडकावाही झाला. मी रोज बोट लावून बघत होते. एकदा जरा दमट लागली, ऊन पडल्यावर परत कोरडी. खाली थेंब नाही.

३० एप्रिलला अक्षय्य तृतीया झाली. गौरीचं शेवटचं हळदी-कुंकू होतं. आंब्याची डाळ, भिजवलेले हरभरे, कलिंगड आणि पन्हं. बायका पंचवीसेक येणार होत्या. पन्ह्याला गूळ घातलाच होता, वरची गोडी या माळेची करायची ठरवली. माळ झोपाळ्यावरून सोडली आणि दोऱ्याला धरून पातेल्यात अख्खी सोडली. दहा मिनिटांत सगळ्या गाठी विरघळल्या. वरती मळीचा तवंग आला नाही, चवीत काही वेगळं लागलं नाही, वेलदोडा आणि कैरी स्वच्छ कळत होती.

दोरा ओढून बाहेर काढला. अखंड होता, पीळसुद्धा सुटला नव्हता. धुऊन वाळवून रिळाला गुंडाळला आणि मशीनच्या खणात ठेवलाय. पुढच्या वर्षी माळा आणायला जाताना मामींना दाखवायचाय.