रेग्झिनच्या कीचेनचं काम देतो म्हणून घेतलेली अनामत, आणि नापास व्हावी अशीच बनवलेली फाइल

घरात एम्ब्रॉयडरी मशीन असलेल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या बायकांसाठी हे लिहिते आहे. "मशीन तुमचं, माल आमचा, तयार झालेलं सगळं आम्हीच उचलणार" असं सांगत कोणी आलं, तर पैसे देण्याआधी हे वाचा. अशी योजना घेऊन आलेल्या माणसाने शहापूर, वडगाव भागातल्या माझे आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणींचे पैसे बुडवले. शिवाय जाताना आम्हालाच सांगून गेला की तुमच्या हाताला सफाई नाही. काही जणींनी ते खरं मानलं आणि मशीनवर चादर टाकून ठेवली. मला जे सांगायचं आहे ते आधी त्यांना.

काम रेग्झिनच्या छोट्या वस्तूंचं होतं. कीचेन, इअरफोन गुंडाळायचे टिचबटणाचे पट्टे, चिल्लर ठेवायची पाकिटं. रेग्झिन मशीनच्या रिंगमध्ये (कापड ताणून धरायच्या चौकटीत) आवळायचं नसतं, त्यावर उठलेला वण जात नाही. रिंगमध्ये फक्त एम्ब्रॉयडरीखाली आधाराला लावतात तो पेपर ताणून बसवायचा. मशीन त्यावर आकाराची एक रेघ मारतं, त्या रेघेवर रेग्झिनचा तुकडा टेपने चिकटवायचा. नक्षी भरून झाली की रिंग काढून उलटी करायची आणि खालून दुसरा तुकडा लावायचा, म्हणजे मागचे टाके झाकले जातात. शेवटी दोन्ही थरांतून कडेची शिलाई होते. मग कडेला दोन-तीन मिलिमीटर सोडून कात्रीने कापायचं आणि बटण लावायचं. शंभर मिलिमीटरच्या साध्या रिंगमध्येही हे होतं, मोठं मशीन लागत नाही. काम चांगलं आहे, मी आजही करते. खोट त्या माणसाच्या करारात आणि त्याने दिलेल्या फाइलमध्ये, म्हणजे मशीनला टाके कुठे घालायचे ते सांगणाऱ्या डिझाइनमध्ये होती.

तो आला तो मराठीतून. हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्या भागात याला फार वजन आहे. इथे कार्यालयातला कागद कन्नडमध्ये येतो आणि मराठी शाळेत शिकलेल्या बाईला तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. अशात कोणी "ताई, आमची कंपनी कोल्हापूरची, सगळा व्यवहार आपल्या भाषेत" म्हणालं की माणूस घरचा वाटतो. जाहिरात मराठीत होती, फोनवरचं बोलणं मराठीत होतं. सहीचा करार मात्र बारीक अक्षरातल्या इंग्रजीत होता. "नुसता नमुना असतो हो ताई, सगळ्या कंपन्यांचा सारखाच," असं त्याने सगळ्यांना सांगितलं.

पहिल्या लॉटला अनामत तीन हजार. माल चांगला होता, रेग्झिनला मागून विणलेल्या कापडाचा थर होता, फाइल व्यवस्थित चालली. माल गेला आणि ठरलेली मजुरी वेळेवर खात्यात आली. मग बायकांनीच जावांना, शेजारणींना सांगितलं. त्याला पुढे जाहिरात करावी लागलीच नाही.

दुसऱ्या लॉटला अनामत अठरा हजार. "ऑर्डर मोठी आहे, माल जास्त देतोय." काही जणींनी ती बचत गटातून कर्ज काढून भरली. करारातलं एक कलम असं होतं की शंभरातले पंचाण्णव नग पास झाले नाहीत तर अनामत जप्त. पास-नापास ठरवणार तेच. माल गेला आणि आठवड्याभरात फोटो आले: कडेला फाटलेलं, शिलाईवरून सुटलेलं. सगळ्यांचाच माल नापास झाला.

इथेच मला शंका आली. मी अनेक वर्षं ब्लाउजवर काम करते, वडगावातल्या दुसऱ्या एकीचा हात माझ्याहून सुबक आहे. दोघींचे नग एकाच जागी फाटले होते. कडेच्या जाड पट्टीवर, आतल्या बाजूने, सरळ रेघेत. हात बिघडला तर प्रत्येकीचा वेगळा बिघडतो.

मी दोन्ही लॉटच्या फाइली मशीनवर लावून पाहिल्या. प्रत्येक डिझाइनला किती टाके आहेत हे मशीनच्या पडद्यावर दिसतं. एकाच आकाराची तीच कीचेन, पहिल्या लॉटमध्ये अडीच हजारांच्या आत, दुसऱ्या लॉटमध्ये पाच हजारांच्या वर. नंतर भाच्याने संगणकावर इंकस्टिच हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकून दिलं, त्यात टाका न् टाका दिसला. कडेची पट्टी आधीपेक्षा अरुंद करून टाके एकमेकांना खेटून बसवले होते आणि त्याच रेघेवरून दुसरा फेरा घातला होता.

कापडात सुई गेली की धागे बाजूला सरतात आणि भोक मिटतं. रेग्झिनमध्ये पडलेलं भोक कायमचं राहतं. भोकं इतकी जवळ पडली की पोस्टाच्या तिकिटासारखी रेघ तयार होते आणि बोटाने ओढलं तरी तुकडा सुटतो. म्हणून रेग्झिनसाठी भरीव पट्टी नेहमीपेक्षा विरळ ठेवतात आणि कडेला अडीच-तीन मिलिमीटर लांबीचा साधा टाका घालतात. त्यात दुसऱ्या लॉटचं रेग्झिन मागे कापड नसलेलं, नुसत्या प्लॅस्टिकच्या पत्र्यासारखं. कापडाचा थर असता तर भोकांमध्ये थोडा तरी आधार राहिला असता. तोच आकार मी पहिल्या लॉटच्या उरलेल्या मालावर विरळ टाक्यांनी शिवला. महिनाभर माझ्या मुलाच्या सायकलच्या किल्लीला लटकतोय, एक टाका उसवलेला नाही.

ज्या बायका मशीन बंद करून बसल्या आहेत त्यांनी हे ऐकावं: ती फाइल कोणाच्याही हातून टिकली नसती. त्या माणसाला कीचेन विकायच्याच नव्हत्या. त्याची कमाई अनामतीची होती आणि नापास झालेला माल हाच त्याचा धंदा होता.

पैसे मागितल्यावर फोन बंद झाला आणि वकिलाच्या नावाची नोटीस मोबाइलवर आली. कराराचा भंग केला, नुकसानभरपाई भरा, नाहीतर दिल्लीच्या कोर्टात उभं राहावं लागेल. घाबरून दोघीतिघींनी आणखी पैसे पाठवले. असे पैसे अजिबात पाठवू नका. आम्ही बिल काढून पाहिलं तेव्हा पत्ता कोल्हापूरचा आणि जीएसटी क्रमांक ०७ ने सुरू होणारा. पंधरा अंकी-अक्षरी क्रमांकातले पहिले दोन आकडे राज्याचे असतात: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, दिल्ली ०७. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला तर नोंदच निघाली नाही. हे तपासायला पैसे पडत नाहीत आणि अनामत देण्याआधीच तपासता येतं.

तो महाराष्ट्रातला आणि आपण कर्नाटकात, मग तक्रार कुठे करायची, हा प्रश्न सीमेवर प्रत्येकीला पडतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा) गुन्ह्याची माहिती कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेतलं ३१८ आहे, जुनं ४२०. पैसे यूपीआयने गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी कळवलं तर ते अडवता येण्याची शक्यता असते, म्हणून यात तासांनाही किंमत आहे.

करारात दिल्लीचं कोर्ट लिहिलं आहे म्हणूनही घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये तक्रारदाराला तो राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात जाता येतं. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तू त्या कायद्यात व्यापारी कामासाठीच्या धरल्या जात नाहीत. आमच्या रकमेइतक्या तक्रारीला शुल्कही नाही.

आम्ही तक्रार एकत्र दिली आहे. एकटीच्या तक्रारीवर तो म्हणू शकतो की हिचंच काम वाईट होतं. सगळ्यांचे नग एकाच रेघेवर फाटलेले एकत्र ठेवले की त्याला ते म्हणता येत नाही. म्हणून ज्यांच्याकडे दुसऱ्या लॉटची फाइल अजून पेनड्राइव्हवर असेल त्यांनी ती पुसू नका, तिच्यात काही बदल करू नका, मशीनच्या पडद्यावरच्या टाक्यांच्या आकड्याचा फोटो काढून ठेवा. परत आलेले फाटके नग आणि उरलेलं रेग्झिन, अगदी कात्रणं सुद्धा, पिशवीत घालून वर तारीख लिहून ठेवा.